मॉडेमचा ड्रायव्हर कर्नलमध्ये कुठे ठेवायचा: कॅर, नेट, टीटीवाय की आणखी कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लिनक्सवर चालणारा औद्योगिक गेटवे, एआरएम बोर्ड, आणि एम.2 स्लॉटमध्ये पीसीआयईवरचं 5जी मॉड्यूल. मॉड्यूल विकणाऱ्यानं सोबत एक ड्रायव्हर दिलाय. तो चार कॅरॅक्टर डिव्हाइस (फाइलसारखे वाचता-लिहिता येणारे) उभे करतो, एक नेटवर्क इंटरफेस उभा करतो आणि मॉड्यूलची पॉवर चालू-बंद करणारी जीपीआयओ पिनही तोच हलवतो. टीममधला एक जण म्हणतो हा ड्रायव्हर्स/कॅरमध्ये हवा, दुसरा म्हणतो ड्रायव्हर्स/नेटमध्ये, आणि साहेब म्हणतात ‘मिस्कमध्ये टाका आणि मोकळे व्हा’. पुढेमागे कोड मुख्य कर्नलमध्ये पाठवायचा विचार आहे. बरोबर कोण?

तिघंही फाइल कुठे ठेवायची यावर वाद घालताहेत, आणि या प्रकरणातली सगळ्यात स्वस्त गोष्ट तीच आहे. कर्नलच्या आत फाइल हलवणं हे एका पॅचचं काम. 2011 मध्ये सीरियलचे ड्रायव्हर ड्रायव्हर्स/सीरियलमधून उचलून ड्रायव्हर्स/टीटीवाय/सीरियलमध्ये नेले (टीटीवाय म्हणजे टर्मिनल आणि सीरियल पोर्टचा विभाग). त्याच वर्षी पीपीपीच्या (फोनच्या तारेवरून इंटरनेट जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या) फाइली ड्रायव्हर्स/नेटच्या गर्दीतून निघून स्वतंत्र डिरेक्टरीत गेल्या. वापरणाऱ्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. पण तुमच्या ड्रायव्हरनं /डेव्ह या डिव्हाइसच्या डिरेक्टरीखाली एक नाव उमटवलं आणि कुणीतरी त्या नावावर स्क्रिप्ट लिहिली, की ते नाव कायमचं गळ्यात पडलं. तेव्हा ठरवायचं ते वेगळंच आहे: हा ड्रायव्हर यूजरस्पेसला, म्हणजे कर्नलबाहेरच्या साध्या प्रोग्रामना, काय दाखवणार, आणि मॉडेमबद्दलचं किती ज्ञान कर्नलच्या आत असायला हवं? हे दोन्ही ठरलं की डिरेक्टरी कोणती यावर फारसा वाद उरत नाही.

थोडं मागं जाऊन सांगतो, कारण आजची रचना का अशी आहे ते त्यातून कळतं. टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या डबीतल्या मॉडेमसाठी लिनक्समध्ये ‘मॉडेमचा ड्रायव्हर’ असं काही नव्हतंच. सीरियल पोर्टसाठी 8250चा ड्रायव्हर होता, त्याला पलीकडे मॉडेम आहे की टर्मिनल, याचं सोयरसुतक नव्हतं. एटीडीटी (मॉडेमला द्यायच्या ‘एटी’ कमांडपैकी एक) लिहून नंबर फिरवणं, ‘कनेक्ट’ हा शब्द यायची वाट पाहणं, हे सगळं यूजरस्पेसमधल्या चॅट नावाच्या छोट्या प्रोग्रामचं काम. लाइन जोडली गेली की पीपीपीडी हा यूजरस्पेसमधलाच दुसरा प्रोग्राम पुढे यायचा. पासवर्ड, आयपी ॲड्रेस, पॅकेटचा आकार या सगळ्या वाटाघाटी तो पलीकडच्या सर्व्हरशी करायचा. त्या संपल्या की प्रत्यक्ष पॅकेट मात्र कर्नलमधल्या पीपीपी कोडमधून वाहायची, पीपीपीडीला त्यांचा स्पर्शही व्हायचा नाही. मार्केट यार्डात भाव ठरवणारा अडत्या वेगळा आणि पोती वाहणारा हमाल वेगळा, तसं. मॉडेमच्या बाबतीत कर्नलनं हमालाचं काम करावं, हे माझं मत तिथूनच आलंय.

नंतर विनमॉडेम आले. त्यांत सिग्नल प्रोसेसिंगची चिपच नव्हती, ते सगळं गणित कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर टाकलेलं. मदरबोर्डवर फक्त एसी’97 जोडणीवरचा कोडेक, म्हणजे जवळजवळ साउंड कार्डच. त्यांचा ड्रायव्हर कुठे गेला? साउंड डिरेक्टरीत. साउंड/पीसीआयमध्ये इंटेल, व्हीआयए आणि एटीआयच्या चिपसेटसाठी मॉडेमच्या वेगळ्या फाइली आहेत. गणित करणारा एसएलमॉडेमडी हा प्रोग्राम यूजरस्पेसमध्ये बसायचा, अल्सा या लिनक्सच्या आवाजाच्या यंत्रणेमार्फत सिग्नलचे नमुने घ्यायचा आणि वरच्या प्रोग्रामना एक खोटा सीरियल पोर्ट दाखवायचा. वस्तू मॉडेम, कोड आवाजाच्या घरात, आणि तरीही निर्णय अगदी योग्य. कारण कर्नलच्या दृष्टीनं ते हार्डवेअर ठराविक गतीनं नमुने देणारं-घेणारं यंत्र होतं, आणि अशा यंत्रांसाठी अल्सा आधीच तयार होतं. खोक्यावर काय छापलंय त्यावरून डिरेक्टरी ठरत नाही, हे सांगायला मी नेहमी हेच उदाहरण देतो.

यूएसबीचे डोंगल आल्यावर एका वस्तूचे चार तुकडे झाले. आपल्याकडे 2010च्या आगेमागे ते घरोघरी होते, तेव्हा पाहिले असतील. लावल्या लावल्या डोंगल आधी सीडी म्हणून दिसायचा, कारण त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असायचं. मग त्याला एक ठराविक संदेश पाठवला की तो रूप बदलून मॉडेम व्हायचा. सुरुवातीला असा संदेश पाठवणारा कोड कर्नलच्या यूएसबी-स्टोरेज ड्रायव्हरमध्ये घुसला होता, ह्युआवेच्या ई220साठी तर तिथे खास फंक्शन आहे. पण दर महिन्याला नवा डोंगल, प्रत्येकाचा वेगळा संदेश. शेवटी ते काम यूएसबी-मोडस्विच या यूजरस्पेस प्रोग्रामकडे गेलं आणि बरं झालं. यादी वाढली की यूजरस्पेसचं पॅकेज अपडेट करता येतं, त्यासाठी कर्नल बदलावा लागत नाही.

रूप बदलल्यावर डोंगलचे काही इंटरफेस सीरियलसारखे, ते ड्रायव्हर्स/यूएसबी/सीरियलमधला ऑप्शन ड्रायव्हर धरतो. डेटाचा इंटरफेस ड्रायव्हर्स/नेट/यूएसबीमधले ड्रायव्हर धरतात. इथे 2012 मध्ये, कर्नल 3.4 मध्ये आलेला क्यूएमआय-डब्ल्यूवॅन हा ड्रायव्हर जरूर वाचा, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. नाव क्यूएमआय असलं तरी हा ड्रायव्हर क्यूएमआय, म्हणजे क्वालकॉमच्या मॉडेमला आज्ञा देण्याचा प्रोटोकॉल, बोलतच नाही! तो नेटवर्क इंटरफेस उभा करतो आणि नियंत्रणाची वाहिनी सीडीसी-डब्ल्यूडीएम या यूएसबी ड्रायव्हरच्या मार्फत जशीच्या तशी यूजरस्पेसला देतो. प्रोटोकॉल बोलायचं काम लिबक्यूएमआय ही लायब्ररी आणि मॉडेममॅनेजर हा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) यांचं. त्याच काळात उत्पादकांकडून मिळणारा गोबीनेट ड्रायव्हर क्यूएमआयचा बराच भाग कर्नलच्या आत बोलायचा. तो मुख्य कर्नलमध्ये कधी आला नाही. पहिला आजही तिथे आहे आणि त्यात नव्या मॉडेमची भर पडते ती बहुतेक वेळा आयडीच्या एका ओळीनं.

याच्या उलट मतही आहे आणि ते खुळचट नाही. ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये 6.0 पासून यूएमबी नावाचा ड्रायव्हर आहे. तो एमबीआयएम हा मोबाइल मॉडेमचा प्रमाणित प्रोटोकॉल कर्नलमध्येच बोलतो. आयएफकॉन्फिग कमांडला सिमचा पिन आणि एपीएन (मोबाइल नेटवर्कमधल्या प्रवेशाचं नाव) दिला की जोडणी तयार, वेगळा डेमन लागत नाही. त्यांची बेस सिस्टीम आणि कर्नल एकाच झाडात, एकाच हातानं तयार होतात, आणि यूएमबी फक्त एका प्रमाणित प्रोटोकॉलपुरता मर्यादित आहे. त्या अटींत मीही कदाचित तसंच केलं असतं. झेफायरसारख्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये तर एटी कमांड ओएसच्या आतच हाताळतात. तिथे ड्रायव्हर्स/मॉडेम अशी डिरेक्टरीच आहे. काही ड्रायव्हर मॉडेमच्या आतला टीसीपी/आयपी वापरून सॉकेटच मॉडेमवर सोपवतात. मायक्रोकंट्रोलरवर लिनक्ससारखी वेगळी यूजरस्पेस सहसा नसते, मग काम बाहेर काढणार कुठे? तेव्हा मी जे सांगतोय ते लिनक्सपुरतं, आणि तुमचा बोर्ड लिनक्सचा आहे म्हणून.

लिनक्समध्ये एटी किंवा क्यूएमआयचं बोलणं कर्नलमध्ये नको असं मी म्हणतो त्याला तत्त्वज्ञानापेक्षा व्यवहाराची कारणं जास्त आहेत. नेटवर्क शोधायची एटी+सीओपीएस=? ही कमांड घ्या. बऱ्याच मॉड्यूलच्या कागदपत्रांत तिच्या उत्तरासाठी तीन मिनिटांपर्यंत थांबा असं लिहिलेलं असतं. कर्नलच्या आत तीन मिनिटं कोण कुठे थांबणार, मधेच मॉड्यूल निघालं तर काय, सस्पेंड आला तर काय? प्रत्येक फर्मवेअरमध्ये उत्तराचं रूप थोडं वेगळं. कुठे स्वल्पविराम जास्त, कुठे अवतरणचिन्ह गायब. हे पार्स करणारा कोड चुकणारच. यूजरस्पेसमध्ये चुकला तर डेमन पडतो, सिस्टमडी त्याला पुन्हा उठवतो. कर्नलमध्ये चुकला तर तुमचा गेटवे कुठल्या तरी सबस्टेशनवर बंद पडतो आणि माणूस पाठवावा लागतो. शिवाय ती अक्षरं येतात मॉडेमच्या फर्मवेअरकडून, एसएमएसचा मजकूर तर थेट परक्याकडून. ती उलगडायला कर्नल ही सगळ्यात धोकादायक जागा.

आता पीसीआयई. इथेच तुमच्या टीममधला वाद खरा रंगतो, आणि तो कर्नलच्या मेलिंग लिस्टवर आधीच होऊन गेलाय. क्वालकॉमच्या मॉडेमसाठी एमएचआय नावाची बस 2020 मध्ये 5.7 कर्नलमध्ये आली, ड्रायव्हर्स/बस/एमएचआयमध्ये. तिच्यावरच्या वाहिन्या कॅरॅक्टर डिव्हाइस म्हणून यूजरस्पेसला उघड्या करणारा पॅच त्यानंतर बरेच महिने फेऱ्या मारत होता. नेटवर्किंगच्या बाजूनं आक्षेप होता तो असा: हा नुसता पाइप आहे, त्यातून काय वाहतं ते कर्नलला माहीत नाही, आणि प्रत्येक उत्पादक असा आपापला पाइप टाकणार. त्याच सुमारास इंटेलचा आयओएसएम ड्रायव्हरही रांगेत होता. दोन कंपन्या, दोन पीसीआयई मॉडेम, गरज तीच. त्यातून 2021 मध्ये 5.13 कर्नलमध्ये मोबाइल मॉडेमसाठीची डब्ल्यूवॅन सबसिस्टीम आली, ड्रायव्हर्स/नेट/डब्ल्यूवॅन. आयओएसएम 5.14 मध्ये तिच्यावर बसून आला, मीडियाटेकचा टी7एक्सएक्स 5.19 मध्ये.

ही सबसिस्टीम करते ते काम वरवर पाहता थोडंच आहे. ड्रायव्हर तिला सांगतो की माझ्याकडे एटीचा एक पोर्ट आहे, एमबीआयएमचा एक आहे. ती /डेव्ह खाली डब्ल्यूवॅन0एटी0, डब्ल्यूवॅन0एमबीआयएम0 अशी नावं उमटवते. अजूनही पाइपच, पण त्यावर प्रकार लिहिलेला, आणि सगळे पोर्ट एकाच डब्ल्यूवॅन0 या डिव्हाइसखाली बांधलेले. मॉडेममॅनेजरला ‘हा पोर्ट आणि हा नेटवर्क इंटरफेस एकाच मॉडेमचे का?’ हे ओळखताना जी कसरत यूएसबीच्या काळात करावी लागायची, ती वाचते. दुसरं, एकाच मॉडेमवर दोन एपीएन हवे असतील, एक इंटरनेटचा आणि एक कंपनीच्या खासगी नेटवर्कचा, तर आयपी लिंक कमांडनं लिंक-आयडी देऊन नवा इंटरफेस जोडता येतो. प्रत्येक उत्पादकाची वेगळी आयओसीटीएल (ड्रायव्हरला द्यायची खास आज्ञा) लागत नाही. औद्योगिक गेटवेत हे हमखास लागतं.

नाव गळ्यात पडतं म्हणालो, त्याचा पुरावाही इथेच आहे. 5.14 मध्ये यूएसबीचा सीडीसी-डब्ल्यूडीएमही डब्ल्यूवॅनला जोडला गेला, पण जुनं /डेव्ह/सीडीसी-डब्ल्यूडीएम0 काढता आलं नाही. आजही तेच यंत्र दोन नावांनी दिसतं, आणि दोन्हीकडून एकाच वेळी उघडू नये याची काळजी ड्रायव्हरला घ्यावी लागते.

तर तुमच्या बोर्डकडे येऊ. पहिली गोष्ट, नवीन ड्रायव्हर लिहायची किंवा आणायची गरज आहे का तेच तपासा. एलएसपीसीआय -एनएन चालवून व्हेंडर आणि डिव्हाइस आयडी बघा. बाजारातली एम.2 5जी मॉड्यूल वेगवेगळ्या नावांनी विकली जातात, पण आतली चिप बहुतेक वेळा दोन-तीन घराण्यांतली असते. क्वालकॉमची असेल तर ड्रायव्हर्स/बस/एमएचआय/होस्टमधल्या पीसीआय-जेनेरिक फाइलमध्ये तिच्या भावंडांची नोंद सापडेल, आणि तुमचं सगळं योगदान म्हणजे त्या टेबलातली एक नोंद असू शकतं. मीडियाटेकची असेल तर टी7एक्सएक्स पाहा. विकणाऱ्याचा ड्रायव्हर हजारो ओळींचा असला म्हणून घाबरू नका. त्यातला मोठा भाग बहुधा एमएचआयचीच जुनी प्रत असते. आणि मॉड्यूल यूएसबीवरही चालत असेल, खूप मॉड्यूल दोन्हीवर चालतात, तर गती पुरेशी आहे का ते मोजून यूएसबीचाही विचार करा. फक्त ऑप्शनमध्ये आयडी टाकताना डेटाचा आणि एडीबीचा (डीबगिंगचा) इंटरफेस राखून ठेवा, नाहीतर तो सीरियल म्हणून त्यांच्यावरही हक्क सांगतो आणि नेटवर्क इंटरफेस कधी दिसतच नाही.

चिप खरोखरच नवी असेल, कुणाशीच जुळत नसेल, तर ड्रायव्हर ड्रायव्हर्स/नेट/डब्ल्यूवॅनमध्ये. कॅर नाही, मिस्क तर नाहीच. मिस्क ही जागा दुसरीकडे कुठेच न बसणाऱ्या गोष्टींसाठी आहे, आणि तुमच्या गोष्टीला आता घर आहे. डीएमए (मेमरीत थेट डेटा हलवणं), रिंग बफर, इंटरप्ट, फ्लो कंट्रोल, रनटाइम पॉवर मॅनेजमेंट, मॉडेम कोसळला तर त्याला परत उभं करणं, एवढं कर्नलमध्ये ठेवा. सिमचा पिन, एपीएन, रोमिंग करायचं की नाही, कुठला बँड, हे बाहेर. एखादी गोष्ट दोन्हीकडे बसते असं वाटलं की मी एकच विचारतो: यूजरस्पेस पूर्ण गोठली असताना ही गोष्ट व्हायलाच हवी का? सस्पेंडच्या वेळी रिंग थांबवणं व्हायलाच हवं. सिग्नलची ताकद वाचणं थांबू शकतं.

पॉवरचा जीपीआयओ हा वेगळा विषय, आणि विकणाऱ्याच्या ड्रायव्हरमध्ये सगळ्यात आधी कात्री लावायची ती इथे. त्यात एक अडचण सरळ दिसते: मॉड्यूलला वीज मिळाल्याशिवाय ते पीसीआयईवर दिसत नाही, आणि दिसल्याशिवाय त्याचा पीसीआय ड्रायव्हर चालू होत नाही. मग वीज देणारा कोड त्या ड्रायव्हरमध्ये कसा असेल? विकणारे यावर एक प्लॅटफॉर्म ड्रायव्हर चिकटवतात, त्यात विलंबाचे आकडे कोरलेले असतात. मुख्य कर्नलमध्ये 6.11 पासून यासाठी ड्रायव्हर्स/पॉवर/सीक्वेन्सिंग आणि पीसीआयच्या बाजूला त्याचा जोडीदार आहे. वर्णन डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डच्या हार्डवेअरची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) जातं. रेडिओ बंद करायची एम.2 वरची डब्ल्यू-डिसेबल पिन आरएफकिलकडे द्या. जीपीएसची एनएमईए वाहिनी असेल तर तिच्यासाठी नवं काही शोधण्याआधी ड्रायव्हर्स/जीएनएसएस पाहा, ती सबसिस्टीम 4.19 पासून आहे.

म्हणजे एक मॉडेम, पण कोड तीन-चार डिरेक्टऱ्यांत. यात विचित्र काही नाही. चिपच्या पोटात मॉडेम असलेल्या फोनच्या प्रोसेसरमध्ये फर्मवेअर चढवायचं काम रिमोटप्रॉक करतं, संदेश नेट/क्यूआरटीआरमधून जातात, डेटा ड्रायव्हर्स/नेट/आयपीएमधून. आणि त्यावर आरएमनेट नावाचा थर आहे तो ड्रायव्हर्स/नेट/इथरनेट/क्वालकॉममध्ये, इथरनेटची तार मैलभर कुठे नसताना. मला ती जागा खटकते, पण त्यानं कुणाचं काही बिघडलेलं नाही.

हे सगळं अर्थात परिस्थितीवर अवलंबून. तुमच्या एसओसीचा (बोर्डवरच्या मुख्य चिपचा) कर्नल पुरवठादारानं 5.4 किंवा 4.19 वर गोठवलेला असेल तर डब्ल्यूवॅन सबसिस्टीम तिथे नाहीच. ती मागं ओढून आणता येते, पण सांभाळायला माणूस हवा. तो नसेल तर विकणाऱ्याचा ड्रायव्हर आहे तसा झाडाबाहेर ठेवा, निदान मिस्कमध्ये घुसवून तो आपलाच असल्याचं सोंग करू नका. फक्त तुमच्या ॲप्लिकेशनला त्याच्या डिव्हाइसची नावं थेट वापरू देऊ नका. मध्ये मॉडेममॅनेजर किंवा ओफोनो ठेवा, आणि ते जमत नसेल तर यूडेव्हच्या नियमानं स्वतःचं एक सिमलिंक बनवून त्याच्याशी बोला. उद्या कर्नल बदलला तर एक नियम बदलेल, ॲप्लिकेशन नाही. साहेबांना पटवायला हा मुद्दा सगळ्यात कामाचा, कारण यात त्यांना पुढच्या वर्षाचा खर्च दिसतो.

मुख्य कर्नलमध्ये पाठवताना सगळं एकदम पाठवू नका. आधी बसशी बोलणारा भाग आणि एक नियंत्रण पोर्ट, मग डेटा, मग पॉवर मॅनेजमेंट. गेट-मेंटेनर स्क्रिप्ट चालवली की नेटडेव्हची लिस्ट आणि डब्ल्यूवॅनचे मेंटेनर मिळतील. मर्ज विंडो (पुढच्या आवृत्तीत बदल घेण्याचा काळ) चालू असताना नेट-नेक्स्ट (नेटवर्किंगच्या नव्या कोडचं झाड) बंद असतं, तेव्हा पाठवलात तर ‘पुन्हा पाठवा’ एवढंच उत्तर येतं. कोड तयार व्हायच्या आधी रचनेबद्दल एक मेल टाकलात तर उत्तम, पीसीआयई मॉडेमवाल्यांचे महिने जिथे गेले ते तिथेच वाचतात. आणि यूजरस्पेसची बाजू करणाऱ्यांना हार्डवेअर येईपर्यंत रिकामं बसवू नका. डब्ल्यूवॅन-एचडब्ल्यूसिम नावाचं मॉड्यूल खोटा मॉडेम उभा करतं, पोर्ट आणि इंटरफेस उघडण्या-मिटण्याचा कोड त्यावर आजच तपासता येईल.

एलएसपीसीआयचं आउटपुट, कर्नलची आवृत्ती आणि विकणाऱ्याच्या ड्रायव्हरमधली पीसीआय आयडीची यादी, एवढं इथे टाका. त्यावरून नवा ड्रायव्हर लागतो की एका ओळीत भागतं, ते लगेच कळेल.